मेंदूच्या ऊतीवर अलगद टेकणारा मऊ प्रोबधारक : आराखडा, बांधणी आणि चाचणी

ग्लायोमा या जातीच्या मेंदूतील गाठीला स्पष्ट काठ नसतो. तिच्या पेशी निरोगी ऊतीत विरळ होत पसरत जातात, आणि शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकातून पाहतानाही गाठ नेमकी कोठे संपते हे डोळ्यांना कळत नाही. कमी काढली तर गाठ पुन्हा वाढते आणि जास्त काढली तर रुग्णाची वाचा किंवा हाताची हालचाल जाण्याचा धोका असतो. ५-एएलए हे औषध शस्त्रक्रियेपूर्वी पाजून गाठ निळ्या-जांभळ्या प्रकाशात लालसर चमकवण्याची पद्धत याच अडचणीतून रुजली. जर्मनीत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एमआरआयमध्ये उजळ दिसणारी गाठ पूर्ण निघालेल्या रुग्णांचे प्रमाण हे औषध दिलेल्यांमध्ये ६५ टक्के, तर नेहमीच्या प्रकाशात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये ते ३६ टक्के आढळले. मात्र काठाजवळ पेशी विरळ होतात तशी ही चमकही मंदावते, आणि तेथे एकेक पेशी पाहण्याची गरज उरतेच.

ही गरज प्रोबवर आधारित कॉन्फोकल लेसर एंडोमायक्रोस्कोपी भागवू शकते. हजारो बारीक प्रकाशतंतूंची जुडी असलेला प्रोब ऊतीला टेकवला, की ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेसरने फ्लुओरेसिन हे चमकणारे रंगद्रव्य उजळते आणि पेशींचे चित्र पडद्यावर दिसते. फ्लुओरेसिन पेशींबाहेरच राहत असल्यामुळे उजळ पार्श्वभूमीवर पेशी गडद दिसतात. पॅरिसच्या मौना केआ टेक्नॉलॉजीज या कंपनीची सेलविझिओ ही यंत्रणा आणि त्सायस कंपनीचे न्यूरोसर्जरीसाठी तयार केलेले कॉन्व्हिवो ही या क्षेत्रातील परिचित साधने आहेत. काढलेला तुकडा गोठवून त्याचा पातळ छेद तपासण्याची नेहमीची पद्धत वापरली, तर अहवाल येईपर्यंत साधारण अर्धा तास थांबावे लागते. येथे चित्र त्या क्षणी मिळते.

अडचण हाताची आहे. प्रोबचे दृश्यक्षेत्र सुमारे २४० मायक्रोमीटर रुंद असते, आणि निरोगी माणसाच्या हाताला ८ ते १२ हर्ट्झचा जो स्वाभाविक कंप असतो त्याचा आवाकाच ५० ते १०० मायक्रोमीटरच्या घरात जातो. खाली मेंदूही स्थिर नसतो. हृदयाच्या ठोक्याबरोबर आणि श्वासयंत्राच्या लयीबरोबर उघडा मेंदू मिलिमीटरच्या अंशापासून सुमारे एक मिलिमीटरपर्यंत वरखाली होतो. हात थोडा वर गेला की चित्र जाते, थोडा खाली गेला की ऊती दबते.

या लेखात अशा प्रोबसाठी मऊ धारक कसा आखावा, कसा ओतावा आणि प्रयोगशाळेत कसा तपासावा हे सांगितले आहे. जैववैद्यकीय किंवा यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, साध्या कार्यशाळेत आणि त्रिमितीय छपाईयंत्राच्या मदतीने हे काम करता येईल. येथे वर्णन केलेला धारक प्रयोगशाळेतील नमुना आहे, आणि तो कोणत्याही परिस्थितीत माणसावर किंवा जिवंत प्राण्यावर वापरू नये, हे आरंभीच स्पष्ट करतो.

आधी आकडे ठरवावेत

मऊ रोबोटिक्सच्या नवख्या अभ्यासकांत एक समज फार रुजलेला दिसतो, की साधन सिलिकॉनचे केले म्हणजे ते आपोआप सुरक्षित होते. वास्तविक सिलिकॉनचा भरीव ठोकळा मेंदूवर टेकवला, तर मेंदूच्या दृष्टीने तो जवळजवळ लाकडासारखाच असतो. महत्त्व असते ते ताठरतेला, म्हणजे एक मिलिमीटर हालचालीमागे किती बल वाढते याला, आणि ही ताठरता प्रत्येक दिशेत वेगळी ठरवावी लागते. आपल्या साधनाला दोन परस्परविरोधी गुण हवे आहेत. मेंदू ज्या दिशेने धडधडतो त्या अक्षीय दिशेत प्रोब जवळजवळ विरोध न करता मागेपुढे झाला पाहिजे, आणि ज्या दिशेने आपण चित्रे जोडत सरकणार आहोत त्या आडव्या दिशेत तो पुरेसा घट्ट राहिला पाहिजे. संपूर्ण आराखडा या एका अटीभोवती फिरतो.

बलाची मर्यादा कशी ठरवावी? सूक्ष्म शस्त्रक्रियेत मेंदूच्या ऊतीवर पडणारे बल बहुतेक क्रियांत ०.३ न्यूटनच्या आत असते असे मोजमापांतून दिसले आहे, पण हा आकडा आपल्यासाठी फार मोठा आहे. आपल्या प्रोबचे तोंड २.६ मि.मी. व्यासाचे, म्हणजे सुमारे ५.३ चौरस मि.मी. क्षेत्रफळाचे आहे. त्यावर ५० मिलिन्यूटन बल दिले तर दाब सुमारे ९.४ किलोपास्कल, म्हणजे ७० मि.मी. पारा इतका होतो. केशवाहिन्यांतील दाब साधारण १५ ते ३५ मि.मी. पारा असतो, हे लक्षात घेतले तर ५० मिलिन्यूटन हे निरुपद्रवी वाटणारे बलही तोंडाखालचा रक्तप्रवाह थांबवू शकते. २० मिलिन्यूटनला हाच दाब २८ मि.मी. पारा भरतो. म्हणून लक्ष्य १० ते २० मिलिन्यूटन ठेवावे, म्हणजे सोनाराच्या तराजूवर एक ते दोन ग्रॅम. अशा अंदाजात केवळ बल पाहून थांबू नये; तोंडाचे क्षेत्रफळ बदलले की सगळे गणित बदलते.

रचना कशी निवडावी

मऊ शस्त्रक्रिया-साधन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तीन कप्प्यांची सिलिकॉनची कांडी येते. जपानमध्ये कोइची सुझुमोरी यांनी तोशिबा कंपनीत १९९० च्या आसपास तीन कप्प्यांचे, तंतूंनी बांधलेले रबरी सूक्ष्म चालक, म्हणजे दाबाने हालचाल घडवणारे भाग, विकसित केले. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या नेतृत्वाखाली युरोपीय संघाच्या स्टिफ-फ्लॉप प्रकल्पात, ऑक्टोपसच्या बाहूपासून प्रेरणा घेऊन, पोटातील शस्त्रक्रियांसाठी याच कुळातील लवचिक बाहू तयार झाला. तीन कप्प्यांत वेगवेगळा दाब दिला की कांडी हवी त्या बाजूला वाकते. रचना देखणी आहे, आणि विद्यार्थ्यांनी ती एकदा करून पाहावीच.

आपल्या कामासाठी मात्र ती उलटी पडते. १२ मि.मी. व्यासाची, ४० मि.मी. लांब, इकोफ्लेक्स ००-३० या सिलिकॉनची कांडी धरली आणि मध्ये ३ मि.मी. चे भोक सोडले, तर साध्या गणिताने तिची अक्षीय ताठरता सुमारे १५० मिलिन्यूटन प्रति मि.मी. येते, तर टोकाची आडवी ताठरता जेमतेम ३ मिलिन्यूटन प्रति मि.मी. जेथे मऊपणा हवा तेथे ती घट्ट आणि जेथे घट्टपणा हवा तेथे लुळी आहे. शिवाय टोक आडवे सरकवायचे तर कांडी वाकते आणि प्रोबचे तोंड तिरपे होते.

म्हणून कामाची वाटणी करावी. बाहेर एक ताठ नळी घ्यावी. तिच्या तोंडाशी सिलिकॉनचे एक कडे बसवावे. त्यात तीन कप्पे असावेत आणि कड्याच्या मधोमध टेफ्लॉनची गुळगुळीत बाही असावी. कप्प्यांत पाणी कमी-अधिक केले की बाही आडवी सरकते. प्रोब मात्र या बाहीला चिकटवू नये. तो बाहीतून मोकळेपणाने मागेपुढे सरकावा, आणि त्याला ऊतीकडे ढकलण्याचे काम ६० मि.मी. मागे बसवलेल्या एका पातळ पडद्याने करावे. आडवे सरकवणे कड्याकडे आणि अलगद टेकवणे पडद्याकडे, अशी ही विभागणी आहे. तोंड १ मि.मी. सरकले तर ६० मि.मी. मागच्या आधाराभोवती प्रोब फक्त एक अंशाच्या आसपास कलतो, आणि २४० मायक्रोमीटरच्या दृश्यक्षेत्रात त्याने पडणारा खोलीचा फरक सुमारे ४ मायक्रोमीटर असतो, जो चालण्यासारखा आहे.

हवा की पाणी, हा प्रश्न मेंदूच्या बाबतीत केवळ सोयीचा नाही. कवटी उघडलेली असताना शिरांत हवा शिरणे हा न्यूरोसर्जरीतील परिचित धोका आहे, आणि फुटू शकणारा हवेचा कप्पा त्या जागी नेणे शहाणपणाचे नाही. सलाईन गळले तर ते शोषून घेता येते. पाणी दाबले जात नसल्यामुळे आडवी हालचालही अधिक अचूक मिळते.

पडद्याला बंद पाणी देऊ नये

पाणी दाबले जात नाही हा गुण आडव्या दिशेत उपयोगी असला, तरी अक्षीय दिशेत तोच घातक ठरतो. पडद्यामागे सिरिंजने पाणी भरून तोटी बंद केली, की पडदा कितीही मऊ असला तरी प्रोब मागे सरकू शकत नाही आणि वर येणारा मेंदू थेट त्याच्यावर दाबला जातो. सिलिकॉनचे साधन ताठ होऊन बसण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे आणि नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाही.

उपाय प्रत्येक रुग्णालयात आधीपासून टांगलेला आहे. पडद्यामागचा कप्पा एका उघड्या तोंडाच्या, रुंद सलाईनच्या भांड्याला जोडावा आणि ते भांडे स्टँडवर वरखाली करता येईल असे ठेवावे. मग बल ठरते ते फक्त पाण्याच्या उंचीवरून. पडद्याचा कार्यकारी व्यास ५ मि.मी. ठेवला तर क्षेत्रफळ १९.६ चौरस मि.मी. होते, आणि १० सें.मी. उंचीच्या स्तंभाने सुमारे १९ मिलिन्यूटन बल मिळते. उंचीचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे जवळपास २ मिलिन्यूटन. मेंदू १ मि.मी. वर आला तर फक्त २० मायक्रोलिटर पाणी भांड्यात परत जाते, त्याने पातळी बदलत नाही आणि बलही बदलत नाही. संवेदक, नियंत्रक किंवा संगणकाची एकही ओळ न लिहिता स्थिर बल मिळते. या आराखड्यातील मला सर्वाधिक आवडणारा भाग हाच आहे.

यात एकच फसवी जागा आहे, ती नळीची. मेंदू मिनिटाला सुमारे ७२ ठोक्यांनी, १ मि.मी. आवाक्यात वरखाली होत असेल तर पाण्यालाही त्या वेगाने ये-जा करावी लागते. नळी १ मीटर लांब आणि आतून २ मि.मी. व्यासाची असेल, तर घर्षण आणि पाण्याचे जडत्व मिळून सुमारे २६० पास्कल दाबाचा चढउतार होतो, म्हणजे आपल्या १००० पास्कलच्या एक चतुर्थांश. आतला व्यास ४ मि.मी. केला की हाच चढउतार ५० पास्कलच्या आत येतो. तेव्हा सलाईनच्या संचाबरोबर येणारी बारीक नळी वापरण्याचा मोह टाळावा, ४ मि.मी. ची नळी घ्यावी आणि ती जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवावी. पडदा मोठा केल्यास उलट तोटा होतो, कारण त्याच बलासाठी दाब कमी लागतो आणि पाणी मात्र जास्त हलवावे लागते.

पडद्याच्या पुढच्या बाजूस एक अतिशय नाजूक परतीची स्प्रिंग ठेवावी, जेणेकरून पाण्याचा दाब नसताना प्रोब आत ओढलेला राहील. भांडे खाली उतरवले किंवा नळी निसटली तर प्रोब स्वतःहून मागे जातो. सुरक्षेची मूळ अवस्था नेहमी ‘आत’ हीच असावी.

साचा आणि ओतकाम

कड्याचा बाहेरचा व्यास १२ मि.मी., आतला ४ मि.मी. आणि लांबी १० मि.मी. ठेवावी. भिंतीची जाडी ४ मि.मी. येते. तिच्यात आतून १ मि.मी. ची पातळ भिंत, मग १.५ मि.मी. चा कप्पा आणि बाहेरून १.५ मि.मी. ची भिंत अशी मांडणी करावी. प्रत्येक कप्पा सुमारे ८० अंशांचा, ८ मि.मी. खोल, तीन कप्पे १२० अंशांच्या अंतराने. साचा तीन भागांत करावा : बाहेरची नळी, मधला दांडा आणि तीन वक्र जिभा असलेले झाकण. जिभांना अगदी थोडा उतार द्यावा, नाहीतर त्या काढताना पातळ भिंत फाटते.

कड्यासाठी ड्रॅगन स्किन १० हे सिलिकॉन योग्य ठरते, कारण इकोफ्लेक्स ००-३० मध्ये १ मि.मी. ची भिंत फार फुगते. पडद्यासाठी मात्र इकोफ्लेक्स ००-३० च घ्यावे. दोन्हींचे अ आणि ब भाग समप्रमाणात मिसळायचे असतात. कड्याला जेमतेम १ मिलिलिटर सिलिकॉन लागते, पण इतक्या कमी प्रमाणात वजन करताना थोडी चूकही प्रमाण बिघडवते. म्हणून प्रत्येक भाग किमान १० ग्रॅम घ्यावा आणि उरलेले चाचणीच्या पट्ट्यांसाठी ओतावे. ड्रॅगन स्किन १० च्या मध्यम प्रकाराला मिसळल्यापासून सुमारे २० मिनिटे हाताळता येते आणि ते ५ तासांत घट्ट होते. इकोफ्लेक्स ००-३० ला हेच ४५ मिनिटे आणि ४ तास लागतात. हे आकडे २३ अंश तापमानाचे आहेत. नागपूरच्या मे महिन्यात पंख्याखाली काम करणाऱ्याने हाताळणीचा वेळ बराच कमी धरावा, किंवा दोन्ही बाटल्या आधी थंड करून घ्याव्यात.

मिसळल्यावर निर्वात पात्रात दोन ते तीन मिनिटे ठेवून हवा काढावी. मिश्रण फुगून वर येते आणि मग बसते, म्हणून भांडे निम्म्याहून जास्त भरू नये. पातळ भिंतीत एक बुडबुडा राहिला तरी कप्पा नेमका तेथेच फुटतो. ही दोन्ही सिलिकॉने प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होतात आणि गंधक असलेल्या पदार्थांच्या सहवासात चिकटच राहतात. लॅटेक्सचे हातमोजे, काही प्रकारची मूर्तिकामाची माती आणि रेझिनच्या छपाईयंत्रातून काढलेले साचे यांपासून त्यांना दूर ठेवावे. नायट्रिलचे हातमोजे आणि पीएलए या छपाईच्या प्लास्टिकचे किंवा अॅक्रिलिकचे साचे चालतात.

कडे सुटल्यावर कप्प्यांची उघडी बाजू बंद करायची असते. सपाट काचेवर त्याच सिलिकॉनचा अर्धा मि.मी. जाडीचा थर पसरावा, तो अर्धवट घट्ट झाला की कडे त्यावर उभे ठेवावे. थर फार ओला असताना ठेवले तर सिलिकॉन कप्प्यात चढते, फार उशीर केला तर जोड कच्चा राहतो. टोकदार काडी लावल्यावर तार ओढली जाते पण थेंब येत नाही, ती वेळ बरोबर. प्रत्येक कप्प्यात १ मि.मी. बाहेरील व्यासाची सिलिकॉन नळी घालून तिच्याभोवती पुन्हा सिलिकॉन भरावे. शेवटी कडे ताठ नळीत बसवून दोन्ही टोकांना चकत्या लावाव्यात, म्हणजे कप्पे पुढेमागे न फुगता फक्त आतल्या बाजूला ढकलतील.

पडदा सपाट करू नये. त्याला मोज्याच्या घडीसारखी एक उलटी वळी द्यावी, म्हणजे १ मि.मी. च्या हालचालीत तो ताणला न जाता उलगडतो.

पंप, पाणी आणि पहिली मोजमापे

तीन कप्प्यांसाठी तीन सिरिंज पंप लागतात. १ मिलिलिटरची सिरिंज, २ मि.मी. आटा असलेला स्क्रू आणि २०० पायऱ्यांची स्टेपर मोटर पुरते. १६ भागांत विभागलेल्या पायरीला सिरिंजचा दट्ट्या ०.६ मायक्रोमीटरच्या आसपास सरकतो आणि ४.७ मि.मी. च्या आतल्या व्यासात सुमारे ०.०११ मायक्रोलिटर पाणी ढकलले जाते. प्रोब १ मि.मी. सरकवायला अंदाजे ३० मायक्रोलिटर लागतात, त्यामुळे पायरी हा अचूकतेचा अडसर राहत नाही. अडसर असतो तो सिरिंजच्या रबराच्या घर्षणाचा. पाणी उकळून थंड केलेले वापरावे, नाहीतर त्यात विरघळलेली हवा नळीत बुडबुडे करते आणि प्रोब आळशी होतो. तिन्ही कप्पे आधी थोडे भरून मधली स्थिती ठरवावी. एक पंप ढकलत असताना इतर दोघांनी पाणी ओढून घेतले पाहिजे.

गळती पाहण्यासाठी कडे रंगीत पाण्याने भरून रात्रभर टिपकागदावर ठेवावे. त्यानंतर अक्षीय ताठरता मोजावी. ०.०१ ग्रॅम दाखवणारा तराजू घ्यावा, प्रोबचे तोंड त्यावर टेकवावे आणि संपूर्ण धारक सूक्ष्ममापी स्क्रूने दर वेळी ०.१ मि.मी. खाली आणत वाचन नोंदवावे. एक ग्रॅम म्हणजे ९.८ मिलिन्यूटन. आलेख जवळजवळ सपाट यायला हवा, १ मि.मी. अंतरात वाढ ५ मिलिन्यूटनपेक्षा जास्त असेल तर दोष बहुधा तीनपैकी एका ठिकाणी असतो : पडदा जाड आहे, बाहीत प्रोब घासतो आहे, किंवा प्रोबच्या मागची केबल ताणलेली आहे. केबलला धारकाच्या मागे सैल वेटोळे दिले की शेवटचा दोष निघतो, आणि अनुभवी माणसे सर्वांत आधी तेथेच पाहतात.

प्रोबचे स्वतःचे वजनही विसरू नये. हलणारा भाग ३ ग्रॅमचा असेल तर उभ्या स्थितीत केवळ वजनामुळे ३० मिलिन्यूटन बल पडते, जे आपल्या लक्ष्याहून जास्त आहे. धारक आडवा केला की तेच शून्य होते. म्हणून धारक ज्या कोनात वापरायचा त्या कोनात, ऊतीला स्पर्श करण्यापूर्वी, प्रोब नुकता बाहेर सरकू लागेल इतक्या उंचीवर भांडे आणावे, तीच शून्य उंची मानावी आणि तेथून १० सें.मी. वर जावे.

आडव्या हालचालीसाठी प्रोबच्या तोंडासमोर यूएसबी सूक्ष्मदर्शक ठेवून प्रत्येक पंपाच्या आकारमानामागे तोंड किती सरकते याची तक्ता-नोंद करावी. सिलिकॉन पहिल्या काही ताणांत बदलते आणि मग स्थिरावते, तेव्हा पहिली दहा आवर्तने मोजू नयेत. जाताना आणि येताना एकाच आकारमानाला दोन वेगळ्या जागा मिळतील. हा फरक नाहीसा करण्याच्या मागे लागण्यापेक्षा हालचालीचा मार्गच असा निवडावा की दिशा एकदम उलटावी लागणार नाही.

कृत्रिम मेंदूवर चाचणी

मेंदूच्या ऊतीचे प्रतिरूप म्हणून ०.६ टक्के अॅगरोज जेल दीर्घकाळ वापरात आहे. १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ०.६ ग्रॅम अॅगरोज ढवळत, द्रावण पूर्ण पारदर्शक होईपर्यंत तापवावे आणि उथळ भांड्यात ओतावे. भांड्याच्या तळाशी, ओतण्यापूर्वी, एक पातळ रबरी फुगा बसवून त्याची नळी चौथ्या सिरिंज पंपाला जोडावी. १.२ हर्ट्झचे ठोके आणि त्यावर ०.२५ हर्ट्झचा श्वास अशी लाट दिली की जेलचा पृष्ठभाग धडधडू लागतो. वरचा आवाका १ मि.मी. होईपर्यंत फुगा जुळवावा. भांड्याखाली, भांडे आणि जेल यांच्या वजनाहून अधिक क्षमतेचा लोडसेल, म्हणजे बल मोजणारा संवेदक, ठेवावा आणि एचएक्स७११ प्रवर्धक सेकंदाला ८० वाचनांवर चालवावा. साधा तराजू येथे चालत नाही, कारण तो ठोक्यांची सरासरी काढून सगळे सुरळीत असल्याचे भासवतो. फुगा हलल्याने लोडसेलला जे बल दिसते ते प्रोब न टेकवता आधी नोंदवून वजा करावे.

ही चाचणी दोनदा करावी : एकदा भांडे उघडे ठेवून आणि एकदा पडद्यामागची तोटी मुद्दाम बंद करून. दुसऱ्या वेळी बलाच्या आलेखात ठोक्यागणिक उभे राहणारे सुळके पाहिले, की अक्षीय मऊपणाबद्दल आणखी सांगावे लागत नाही.

चित्रांसाठी प्रत्येकाकडे कॉन्फोकल यंत्रणा असेलच असे नाही. यूएसबी कॅमेऱ्याला जोडलेला बारीक एंडोस्कोप आणि लक्ष्य म्हणून पिवळ्या हायलायटरने रंगवलेला भिंग पुसण्याचा कागद, एवढ्यावर सराव होतो. त्या कागदाचे धागे निळ्या प्रकाशात स्पष्ट उजळतात आणि तुटक चित्रे जोडणे सोपे जाते. यंत्रणा उपलब्ध असेल तर पुढचा टप्पा मटणाच्या दुकानातून आणलेल्या ताज्या भेज्याचा. त्यावर फ्लुओरेसिनचा विरळ थेंब सोडावा, वरचे पाणी टिपून घ्यावे आणि त्याच दिवशी चाचणी उरकावी. संस्थेच्या जैवसुरक्षा नियमांनुसार परवानगी आणि विल्हेवाट यांची सोय आधी करावी.

सरकवण्याचा मार्ग आणि चित्रांची जोडणी

२४० मायक्रोमीटर व्यासाचे एक वर्तुळ म्हणजे ०.०४५ चौरस मि.मी. एवढ्या खिडकीतून पेशींची ठेवण कळत नाही. सलग पट्टा हवा. नागमोडी मार्गात प्रत्येक ओळीच्या शेवटी दिशा उलटते आणि सिलिकॉनचा जाण्या-येण्याचा फरक नेमका तेथे उघडा पडतो. त्याऐवजी मध्यापासून बाहेर जाणारी सर्पिल रेषा घ्यावी. वळ्यांत १७० मायक्रोमीटर अंतर ठेवून १ मि.मी. त्रिज्येपर्यंत गेल्यास मार्गाची लांबी सुमारे १८.५ मि.मी. होते, आणि सेकंदाला ०.५ मि.मी. वेगाने ते काम ४० सेकंदांच्या आत संपते. सेकंदाला १२ चित्रे मिळत असतील तर लागोपाठच्या दोन चित्रांत ४२ मायक्रोमीटरचे अंतर पडते, म्हणजे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग सामाईक राहतो आणि जोडणीच्या संगणक-प्रणालीला पुरेसा आधार मिळतो.

पहिल्या क्षणी चित्र हलतच नाही असे दिसेल. पंप चालू असतो, प्रोब सरकत असतो, पण ऊती तोंडाला चिकटून त्याच्याबरोबर ओढली जात असते. ताण पुरेसा वाढल्यावरच तोंड घसरू लागते. या आरंभीच्या अंतरातील चित्रे वापरू नयेत, आणि सर्पिलाची सुरुवात हव्या त्या जागेच्या थोडी बाजूला करावी. ओढ कमी करण्यासाठी पृष्ठभागावर सलाईनचा थेंब असू द्यावा, पण थर साचू देऊ नये, कारण प्रोबचा फोकस त्याच्या तोंडापुढे सुमारे ६० मायक्रोमीटरवर ठरलेला असतो आणि पाण्याच्या थराने तो ऊतीबाहेर येतो. भांड्याची उंची वाढवून चित्र सुधारते का हे पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. जास्त बलाने चित्र स्थिर दिसते खरे, पण त्याबरोबर ओढही वाढते आणि दाबलेल्या ऊतीचे चित्र हे निरोगी ठेवणीचे चित्र राहत नाही. २० मिलिन्यूटनला चित्र अस्पष्ट असेल तर दोष तोंडाच्या स्वच्छतेत किंवा कलात शोधावा.

जोडणीतून प्रोब प्रत्यक्षात किती सरकला हेही कळते. त्याची पंपाच्या हालचालीशी तुलना करून तक्ता सुधारत गेले, की वेगळा स्थानसंवेदक न लावता अचूकता वाढवता येते.

शस्त्रक्रियागृहापर्यंतचे अंतर

येथवर आलेला नमुना शल्यचिकित्सकाला दाखवण्यायोग्य असतो, वापरण्यायोग्य नसतो. प्रत्यक्ष जागी धारक डोके पकडणाऱ्या तीन खिळ्यांच्या क्लॅम्पला जोडलेल्या लवचिक बाहूवर बसेल, आणि सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टिरेषेत १४ मि.मी. ची नळी किती आड येते हे अभियंत्यापेक्षा शल्यचिकित्सकच सांगू शकतो. त्याला पहिल्या आराखड्यापासून बरोबर घ्यावे. आयआयटी मुंबईतील बेटिक हे केंद्र डॉक्टर आणि अभियंते यांना वैद्यकीय साधनांच्या विकासासाठी एकत्र आणते, आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना तेथे चौकशी करता येईल.

सामग्री बदलावी लागेल. पीएलए सुमारे ६० अंशांनाच मऊ पडते, ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टिकणार नाही. ताठ नळी स्टेनलेस स्टीलची किंवा पीक या प्लास्टिकची करावी लागेल. सिलिकॉन वाफेचे निर्जंतुकीकरण सोसते, मात्र ओतकामासाठी वापरलेल्या सिलिकॉनऐवजी वैद्यकीय दर्जाचे घेऊन आयएसओ १०९९३ नुसार जैवसुसंगतता तपासावी लागेल, आणि कडे व पडदा एकदाच वापरून टाकायचे ठरवणे अधिक सोपे जाईल. धोक्यांची नोंद आयएसओ १४९७१ च्या चौकटीत ठेवावी. भारतात वैद्यकीय साधने नियमावली, २०१७ लागू आहे. तिच्यानुसार साधनाचा धोकावर्ग ठरतो, आणि संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता घेतल्याशिवाय रुग्णापर्यंत जाता येत नाही.

त्या कागदपत्रांत ज्या चाचण्या हमखास मागितल्या जातात त्या आजच टेबलावर करून ठेवता येतात. प्रोब जेलवर टेकलेला असताना वीज बंद करावी, मग भांड्याची नळी उपटावी, मग एका कप्प्याला सुईने छिद्र पाडावे, आणि प्रत्येक वेळी लोडसेलवरील सर्वोच्च बल व प्रोब मागे जाण्यास लागलेला वेळ नोंदवावा. वीज गेल्यावर स्टेपर मोटर जागीच थांबते आणि पडदा तिच्यावर अवलंबून नसल्यामुळे बल बदलू नये. नळी निघाल्यावर प्रोब आत जावा. कप्पा फुटल्यावर प्रोब आडवा सरकतो, तेव्हा त्याने जेलवर ओरखडा काढला का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. ओरखडा दिसलाच, तर कप्पा फुटताच भांडे खाली उतरवणारी एक साधी दाब-कळ पंपांच्या नळ्यांवर बसवावी आणि तिन्ही चाचण्या पहिल्यापासून पुन्हा घ्याव्यात.